‘कारखान्यात घडलेली शिल्पे’ या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार,

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आजचे शिल्पकार छिन्नी हाती धरत नाहीत, आराखडा कारखान्याकडे पाठवतात आणि तयार होऊन आलेल्या वस्तूला आपले नाव देतात. अशा कामाला ‘घडवणे’ म्हणणे ही दिशाभूल आहे आणि माझ्या लेखाने तिला हातभार लावला, असा आपला आक्षेप आहे. तो मला मान्य नाही, मात्र त्यातला एक धागा रास्त आहे. त्याकडे नंतर येतो.

आपला निकष आधी जुन्यांना लावून पाहू. फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ मातीत काम करीत. त्यांची संगमरवरी शिल्पे बहुतांशी सहायकांनी कोरली आणि ब्राँझचे काम ओतशाळेत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, होई. अनेक ब्राँझ शिल्पांवर तर अलेक्सी रुदिए यांच्या ओतशाळेची मुद्राही आहे. तरी ती रोदँचीच आहेत, याविषयी आपणही शंका घेणार नाही. तेव्हा हत्यार कोणी धरले यापेक्षा घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर कोणी काय ठरवले, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीड यांचे ‘हाउस’ (१९९३) घ्या. पूर्व लंडनमधल्या रांगेतील एका घरात, आतून भिंतींवर काँक्रीट फवारण्यात आले आणि ते पक्के झाल्यावर बाहेरच्या भिंती उतरवण्यात आल्या. घर स्वतःच साचा झाले. शेकोटीच्या पोकळ्या बाहेर फुगवट्यासारख्या आल्या आणि जिथे माणसे वावरत होती ती हवा घट्ट, बंद ठोकळा होऊन उभी राहिली. फवारणी करणारे हात अनेकांचे होते. पण पोकळी ओतायची आणि कवच काढून टाकायचे, या निर्णयाविना तिथे शिल्प उरतच नाही. (१९९४ च्या जानेवारीत ते पाडले गेले, हा वेगळ्या संतापाचा विषय आहे.)

उलट भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आपल्या निकषात चपखल बसतात. पूर्वरेखाटन न करता, रंगवलेल्या दोराची गाठीला गाठ जोडत त्यांनी माणसाहून उंच आकार उभे केले. पण या कामाचे मोल केवळ गाठी हाताने मारण्यात आहे का? दोर स्वतःच्या वजनाने लोंबतो, त्यातून घड्या पडतात, पोकळ्या तयार होतात. दोराचा हा स्वभाव दाबून न टाकता त्यालाच आकाराचा भाग करून घेणे, ही त्यांची खरी करामत मला वाटते.

शिल्पकार अनिश कपूर यांच्या शिकागोतील ‘क्लाउड गेट’विषयी आपण विशेष कडक लिहिले आहे. पोलादाचे १६८ पत्रे जोडलेले हे आरशासारखे चकचकीत शिल्प २००४ मध्ये लोकांसमोर आले, तेव्हा त्याचे सांधे दिसत होते. ते घासून नाहीसे करण्याचे काम त्यानंतर पूर्ण झाले. सांधा दिसला असता तर नजर पत्र्यावर अडली असती. तो नाही, म्हणून ती थेट प्रतिबिंबात शिरते. इथे हाताची खूण पुसणे हाच शिल्पाचा हेतू होता.

आता रास्त धागा. चिनी कलावंत आय वेवे यांच्या ‘सनफ्लॉवर सीड्स’साठी (२०१०) चीनमधल्या जिंगडेझेन शहराच्या सुमारे १६०० कारागिरांनी चिनी मातीच्या कोट्यवधी बिया घडवल्या, रंगवल्या, पण पाहणाऱ्याच्या लक्षात नाव राहते ते एकाचेच. कारागिरांना नावानिशी श्रेय मिळावे, ही आपली मागणी मला पूर्णपणे पटते. श्रेय न देणे हा व्यवहारातला अन्याय आहे आणि त्याबद्दल शिल्पकाराला जाब जरूर विचारावा. मात्र त्यावरून ते काम कलाकृतीच नव्हे, असा निष्कर्ष निघत नाही.