डोपामिनच्या रेणूत आनंद भरलेला नसतो

‘डोपामिन हे आनंदाचं रसायन. मोबाइल बघून त्याचा साठा संपतो. 24 तास सगळ्या सुखांचा उपास करा, मेंदू रीसेट होईल.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. मोबाइल बाजूला ठेवायला माझी ना नाही. पण दिलेलं कारण टिकत नाही.

आधी ‘आनंदाचं रसायन’. हेच डोपामिन पिट्युटरी ग्रंथीत प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनचा स्राव रोखतं. मूत्रपिंडात ते सोडियम लघवीवाटे जास्त बाहेर टाकायला लावतं. आता मूत्रपिंडाला कसला आलाय आनंद? रेणू तोच, त्याचा अर्थ लावते ती पेशी, आपल्या रिसेप्टरच्या, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाच्या, मदतीने. डोपामिनच्या रिसेप्टरचे पाच प्रकार आहेत. डी1 आणि डी5 हे सायक्लिक एएमपी (निरोप पेशीच्या आत पुढे नेणारा रेणू) वाढवतात, उरलेले तीन ते कमी करतात. म्हणजे शेजारच्या दोन पेशी एकाच निरोपावर उलट वागू शकतात. ॲसिटिलकोलिन हे दुसरं निरोप्या रसायनही असंच दुतोंडी: हृदयाचे ठोके मंदावतं आणि हातापायांचे स्नायू मात्र आकुंचित करतं.

बरं, मेंदूपुरतं तरी आनंदाचं समीकरण खरं का? मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. रसाआधी ठरलेला इशारा मिळू लागल्यावर त्या इशाऱ्यालाच उसळू लागल्या; रसाच्या वेळी गप्प. इशारा होऊनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंद. रस तर तितकाच गोड होता! पेशी मोजत होत्या तो अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक.

‘साठा संपतो’ हेही चूक. सोडलेलं बरंचसं डोपामिन पेशी परत ओढून घेतात, शिवाय टायरोसिन या अमिनो आम्लापासून नवं बनवत राहतात. ते खरोखर आटतं तेव्हा पार्किन्सन दिसतो: हात थरथरतात, हालचाली मंदावतात. त्यावर उपास नव्हे, लेव्होडोपा हे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध देतात.

राहिले 24 तास. यात खऱ्याचा एक कण आहे. सतत तोच संकेत आदळत राहिला तर पेशी बधिर होते. अरेस्टिन नावाचं प्रथिन रिसेप्टरला चिकटतं, संकेत तोडतं आणि बऱ्याचदा रिसेप्टरच आत ओढला जातो. पण इथे बदलतं ते ऐकणं, साठा नव्हे. आणि पूर्ववत व्हायचा वेग प्रत्येक पेशीचा, प्रत्येक रिसेप्टरचा निराळा. काहींना मिनिटं पुरतात. उलट कोकेनच्या व्यसनात कमी झालेले डी2 रिसेप्टर ते सोडल्यावर कित्येक महिने कमीच आढळले आहेत.