वाळवंट बघायचं तर घरच्या मोठ्यांना घेऊन, रस्त्यानं

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण ठाण्याहून जैसलमेरला गाडीनं जाऊन आलो. मी, नवरा, सासू-सासरे, सहावीतली लेक आणि दुसरीतला मुलगा. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून पावणेतीन हजार किलोमीटर, अकरा दिवस. निघायच्या आधी सोसायटीत, ऑफिसात, नातेवाइकांत सगळ्यांनी एकच सांगितलं. "म्हाताऱ्या माणसांना घेऊन एवढं कशाला? विमानानं जा, दोन दिवस वाळू बघा आणि परत या. तिथे बघायला आहे काय?"

त्या शेवटच्या प्रश्नासाठी ही पोस्ट लिहितेय. मोठी होणार आहे, सवडीनं वाचा.

आधी रस्ता. पहाटे चारला मानपाड्याहून निघालो म्हणून गायमुखला अडकलो नाही. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. तलासरीच्या आसपास उजाडलं. तिथून पुढे दोन-तीन दिवस जे दिसत गेलं ते विमानाच्या खिडकीतून कधीच दिसलं नसतं, ते म्हणजे जमीन सुकत जाताना. वलसाडपर्यंत आंब्याच्या बागा, भरूचला नर्मदेचं रुंद पात्र, मग कापूस, अहमदाबाद ओलांडल्यावर एरंडी आणि जिरं, बाडमेरच्या बाजूला बाजरीची नुसती धाटं. आपल्या ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरला दोनशेसुद्धा धड होत नाही. हा फरक मुलांना पुस्तकातून सांगून कळत नाही. तो दोन-तीन दिवस गाडीत बसून डोळ्यांना कळतो. लेकीनं बाडमेरच्या अलीकडे आपणहून विचारलं, "आई, शेवटची नदी कुठे लागली होती?" एवढ्या एका प्रश्नासाठी मी पुन्हा तेवढीच गाडी चालवीन.

पहिला मुक्काम दसाड्याला, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर. इथलं रानगाढवांचं अभयारण्य जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे. घुडखर म्हणतात त्यांना तिकडे. २०२४ च्या गणनेत ते ७६७२ भरले. सकाळच्या उन्हात बारा-पंधरा जणांचा कळप आमच्या जीपपासून थोड्या अंतरावर उभा होता. बदामी अंग, पांढरं पोट, पाठीवरून गेलेला गडद पट्टा. गाढव म्हणून ज्याला आपण हसतो तो प्राणी हाच का, असं वाटावं इतका देखणा.

पण मला जास्त लक्षात राहिली ती मिठागरं. रणात पावसाळ्यात पाणी भरतं, ते ओसरलं की अगरिया कुटुंबं आत जाऊन राहतात आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथेच असतात. जमिनीखालचं खारं पाणी पंपानं वर काढायचं, वाफ्यात सोडायचं आणि महिनोन्‌महिने लाकडी दंताळ्यानं ओढत राहायचं, तेव्हा कुठे मिठाचा खडा मोठा होतो. या जाड मिठाला ते वडागरू म्हणतात. एका बाईनं लेकीच्या तळहातावर असा एक खडा ठेवला. चौकोनी, काचेसारखा, कडा इतक्या धारदार की हात मिटवत नव्हता. त्या बाईच्या पायाला चप्पल नव्हती.

आपल्याकडचे आगरी आणि तिकडचे अगरिया, दोन्ही नावं मिठाच्या आगरातून आलेली. भांडुप, मुलुंड, भाईंदरची मिठागरं ज्यांनी पाहिलीत त्यांना ते वाफे लगेच ओळखू येतील. आणखी एक नातं आहे. ऐरोलीच्या पुलावरून आपण ज्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यांतले कितीतरी कच्छच्या मोठ्या रणात जन्मतात. तिकडे चिखलाची घरटी करून पिल्लं वाढवायची आणि नंतर ठाण्याच्या खाडीत चरायला यायचं. म्हणजे वाळवंट दरवर्षी आपल्या दारात येतं, आपणच त्याच्या दारात जात नाही.

बाडमेरच्या पुढे रस्त्याकडेला चहाला थांबलो, तेव्हा सासूबाई उतरून एका झाडापाशी गेल्या. काटे, बारीक पानं, खरखरीत साल. टपरीवाला म्हणाला, "खेजडी है." आईंनी दोन पानं तोडून हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपली शमी." दसऱ्याला पूजतो ती, गणपतीला वाहतो ती. तिकडे तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात, पाला शेळ्या-उंटांना जातो आणि तिच्या सावलीत बाजरी पेरतात. याच झाडांसाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवी आणि तिच्यासह ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. हे मी आईंना सांगितलं. आईंनी ती पानं पर्समधल्या देवाच्या पुडीत ठेवली.

जैसलमेरच्या अलीकडे आकल नावाचं ठिकाण आहे. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. कृपा करून तुम्ही थांबा. उघड्या टेकाडावर झाडांचे ओंडके पडलेत, आणि ते दगडाचे आहेत. अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे दाट जंगल होतं. सर्वांत मोठा ओंडका तेरा मीटरच्या वर आहे. वर पत्र्याचं छप्पर, भोवती जाळी, बाकी काही नाही. सालीच्या रेघा दिसतात. धाकट्यानं जाळीतून बोट घालून एक रेघ शेवटपर्यंत मोजायचा प्रयत्न केला. येऊरचं जंगल घराच्या गॅलरीतून बघणाऱ्या पोराला जंगलाचंही वय होतं आणि ते संपूही शकतं, हे तिथे दिसलं.

आता जे आवडलं नाही ते. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूत आम्ही एक रात्र तंबूत राहिलो आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. रात्री उशिरापर्यंत डीजे, टेकड्यांवरून ओरडत पळणाऱ्या जीपा, सकाळी वाळूत पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. ही जागा राष्ट्रीय मरु उद्यानाला लागून आहे. वाळवंटात रात्री जे ऐकायला जावं ते म्हणजे शांतता, आणि तीच पैसे मोजून आपण मोडतो. दुसऱ्या दिवशी आम्ही तंबू सोडला आणि खुडीच्या बाजूला गावात एका घरी राहिलो. केर-सांगरी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. बाबा, म्हणजे माझे सासरे, दोन भाकऱ्या खाऊन म्हणाले, "घरी आल्यासारखं वाटतंय."

तिथेच आमची गाडी रुतली. फोटोसाठी डांबर सोडून वीस-पंचवीस फूट आत घेतली आणि पुढची चाकं बसली. जितका जोर दिला तितकी खाली. मग एक पागोटेवाले आजोबा उंट घेऊन आले. त्यांनी आधी नवऱ्याला गाडी बंद करायला लावली. चारही टायरमधली हवा थोडी सोडली, म्हणजे टायर वाळूवर पसरतो. चाकांसमोरची वाळू हातानं उपसून तिथे खीपाची झुडपं दाबून बसवली आणि "धीरे, बिल्कुल धीरे" म्हणत गाडी बाहेर काढली. पैसे घेईनात. मुलांना मात्र उंटावर बसवून गावापर्यंत नेलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी पटकन सांगते. डिसेंबर-जानेवारीतच जा. पहाटे बोटं बधिर होतात, तेव्हा मोठ्यांसाठी कानटोपी आणि गरम मोजे हवेत. दिवसाला चारशे-साडेचारशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. ठाणे-अहमदाबाद-दसाडा हा एकच दिवस आम्ही लांबवला आणि आईंचे पाय सुजले, पुन्हा तसं करणार नाही. दर दीड तासाला थांबा. बाडमेरच्या पुढे पंप दिसला की टाकी भरून घ्या. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन गाडीत असू द्या. टायरला हवा भरायचा छोटा पंप घ्याच, का ते वर आलंय. परतताना फलोदीजवळच्या खीचनला सकाळी पोहोचा. हजारो कांड्या करकोचे गावात दाण्यांसाठी उतरतात, आणि वर्षानुवर्षं गावकरीच त्यांना दाणे घालतात.

आता ज्यासाठी गेलो होतो ते.

बाबा उत्तर सोलापूर तालुक्यातले, नान्नजजवळच्या गावचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर ते ठाण्याला आले आणि वागळे इस्टेटच्या कारखान्यात लागले. लहानपणी माळावर शेरडं राखताना त्यांनी माळढोक पाहिलाय. एकदोनदा नव्हे, रोज. "माणसासारखा चालायचा," ते सांगतात. मीटरभर उंच पक्षी, नर पंधरा किलोच्या घरात भरणारा. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात माळढोकासाठी अभयारण्य झालं, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं. पुढे ते छाटून बाराशेच्या घरात आणलं. पण पक्षी कागदावर राहत नाही. त्याला लागतो उघडा, गवताळ माळ. आणि माळ म्हणजे आपल्या भाषेत पड जमीन. पाणी आलं की ऊस, नाहीतर प्लॉट, नाहीतर खड्डे घेऊन झाडं लावायची आणि पुण्य मिळवायचं. गवतालाही कुणीतरी राहणारं असतं हे आपण धरलंच नाही. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत आणि बहुतेक सगळे जैसलमेर जिल्ह्यात. गोडावण म्हणतात तिकडे.

तिकडेही त्याच्या जिवावर उठलेल्या गोष्टी आहेत. सर्वांत मोठी म्हणजे विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं होतं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. सौरऊर्जा हवी, मलाही हवी. पण ज्या थोड्या जागेत हा पक्षी उरलाय तिथल्या तारा वाकड्या वाटेनं किंवा मातीखालून न्यायला आपण पैसे मोजले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. समला २०१९ पासून प्रजनन केंद्र आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. केंद्रात पिल्लं वाढतील, पण त्यांना सोडायला माळ लागणारच.

मरु उद्यानातल्या सुदासरीला परवाना काढून सकाळी सातला आत गेलो. सेवण गवत गुडघ्याएवढं, पिवळं, दवानं ओलं. दोन तास चिंकारे दिसले, गिधाडं दिसली, एक खोकड दिसलं. मुलं कंटाळली. बाबा मात्र दुर्बीण मांडीवर ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघत बसले होते. मग त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि बोट न दाखवता हळूच म्हणाले, "त्या खेजडीच्या डावीकडं."

मला आधी काहीच दिसेना. मग गवतातून एक पांढरी मान वर आली, वर काळी टोपी. दोन पावलं टाकून थांबली. मागे दुसरी मान. बाबांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. "चाल तीच," एवढंच बोलले. मग दुर्बीण नातीच्या हातात दिली, तिच्यामागे वाकून तिची मान सरळ केली आणि म्हणाले, "बघ नीट. आपल्या माळावरचा आहे."

त्या भागात फोनला रेंज नसते. संध्याकाळी जैसलमेरला आल्यावर बाबांनी गावाकडे धाकट्या भावाला फोन लावला. हॉटेलच्या जिन्यात उभे राहून मोठ्यानं बोलत होते. "अरे, बघितला मी आज. दोन होते... न्हाई न्हाई, आपल्याकडं कुठला. राजस्थानात." मग बराच वेळ तिकडचं ऐकत राहिले आणि म्हणाले, "व्हय, तसाच. पाय तसंच टाकतो अजून."