फेस वाढला म्हणून दाब उतरवणाऱ्यांसाठी

सोलापुरात परमिट रूम चालवणाऱ्या माझ्या भाच्याने ड्राफ्ट बिअरविषयीचा, म्हणजे पिंपातून नळीवाटे पेल्यात येणाऱ्या बिअरविषयीचा, तो व्हॉट्सॲप संदेश नुसता वाचला नाही, तर त्याबरहुकूम वायूचा दाब ठरवणारा रेग्युलेटरही फिरवला, म्हणून हे लिहावे लागत आहे. संदेशात चार दावे आहेत: उन्हाळ्यात फेस वाढला की केगवरचा (बिअरच्या पिंपावरचा) वायूचा दाब निम्म्यावर आणावा, ७५ टक्के नायट्रोजन व २५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण सर्वच बिअरना उत्तम, गॅस संपल्यास टायरचा कंप्रेसर चालतो, आणि कार्बन डायऑक्साइड आपण श्वासावाटे सोडतोच, तेव्हा गळतीची भीती नको.

पहिला दावा सर्वांत हास्यास्पद आहे आणि नेमका तोच सर्वांना पटतो. लिटरमागे अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेली लागर (नेहमीची फिकट बिअर) ३ अंश सेल्सिअसला तशीच राखण्यासाठी समुद्रसपाटीवर सुमारे ११ पीएसआय (दर चौरस इंचावर ११ पौंड) दाब लागतो. तीच बिअर १० अंशांवर गेली की हा आकडा १८ च्या आसपास जातो. म्हणजे केग तापल्यावर वायूला आत धरून ठेवण्यासाठी अधिक दाब हवा असताना हे महाशय तो कमी करायला सांगतात! तसे केल्यास वायू नळीतच सुटू लागतो, पेल्यात आणखी फेस येतो, मालक दाब आणखी उतरवतो आणि काही दिवसांत उरलेली बिअर मिळमिळीत होते. दाब १८ वर नेणे हाही उपाय नव्हे, कारण आखूड नळीतून बिअर उसळून येईल. चाळिशी ओलांडणाऱ्या दुपारी केग आणि नळी थंड ठेवणे, हाच उपाय आहे. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या पुस्तिकेनुसार दर २००० फूट उंचीमागे १ पीएसआय वाढवावा लागतो. सोलापूर सुमारे १५०० फुटांवर असल्याने येथे काटा ११ ऐवजी १२ च्या जवळ हवा.

मिश्रणाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. स्टाउटला, म्हणजे काळ्या, दाट फेसाच्या बिअरला, ते शोभते, आणि नळी लांब असल्यास निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढवून चालत नाही, कारण बिअर तो जास्तीचा वायू शोषून घेते. मात्र प्रमाण हिशेबानेच ठरते. काटा फक्त हवेच्या दाबावरचा दाब दाखवतो, म्हणून हिशेबात हवेचा दाब मिळवावा लागतो. येथील हवेचा दाब सुमारे १४ पीएसआय धरला आणि लांब नळीतून बिअर ढकलण्यासाठी २२ पीएसआय लागत असतील, तर लागरला हवे असलेले १२ अधिक १४ म्हणजे २६ ला २२ अधिक १४ म्हणजे ३६ ने भागावे. उत्तर सुमारे ७२ टक्के कार्बन डायऑक्साइड. पंचवीस टक्क्यांच्या मिश्रणात २६ ऐवजी जेमतेम ९ पीएसआय त्याच्या वाट्याला येतात, आणि लागर हळूहळू मरते.

कंप्रेसरबद्दल अधिक काय लिहावे? हवेतील ऑक्सिजन बिअरची चव बिघडवतो, एवढे पुरे.

राहिला श्वासाचा युक्तिवाद. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो हे खरे. परंतु खोलीतल्या हवेतच तो तेवढा झाला, तर जिवावर बेतते. त्याला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून सिलिंडर तळघरात किंवा बंद खोलीत असेल, तर तेथे वायुवीजन आणि गळतीची सूचना देणारे यंत्र दोन्ही बसवायलाच हवेत.