खुलासा: ‘इम्यूटेबल’ लिहिलं की फंक्शन वेगवान होतं?

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर एक टिप फिरतेय: स्वतः लिहिलेल्या प्रत्येक फंक्शनला ‘इम्यूटेबल’ लावा, निकाल कॅश होतो म्हणजे साठवून ठेवला जातो, क्वेरी पळते. हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

‘इम्यूटेबल’ म्हणजे तुम्ही दिलेला शब्द: इनपुट तेच, तर उत्तर कायम तेच. हा शब्द खरा आहे का, हे पोस्टग्रेस तपासत नाही. फायदा इतकाच, की आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेलं मूल्य) स्थिर असेल तर क्वेरीचा प्लॅन बनवतानाच उत्तर काढून ठेवलं जातं आणि अशा फंक्शनवर इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, बनवता येतो. कॉलम दिलात तर फंक्शन एरवी दर ओळीला चालतंच. निकाल साठवणारी कॅश नाही.

आता समजा, जीएसटीचा दर टेबलातून वाचणारं फंक्शन तुम्ही ‘इम्यूटेबल’ ठरवून त्यावर इंडेक्स बनवला. 22 सप्टेंबर 2025 ला अनेक वस्तूंचे दर बदलले. टेबलात नवा दर, इंडेक्समध्ये जुनाच. एररही येत नाही. क्वेरी मुकाट चुकीच्या ओळी देते. असा बग शोधताना घाम फुटतो!

टेबल वाचणाऱ्या फंक्शनला ‘स्टेबल’ (एका क्वेरीपुरतं उत्तर तेच) लावा. काहीच लिहिलं नाही तर ते ‘व्होलाटाइल’ (उत्तर कधीही बदलू शकतं असं) धरलं जातं. गंमत म्हणजे साध्या एसक्यूएल फंक्शनवर खोटं ‘इम्यूटेबल’ लावलं, आणि आत ‘स्टेबल’ फंक्शन असलं, तर त्याचं इनलायनिंगच, म्हणजे फंक्शनचा मजकूर थेट क्वेरीत मिसळणंच, थांबतं. म्हणजे वेगासाठी केलेला उद्योग वेगच खातो.

निव्वळ आकडेमोड किंवा ‘लोअर’सारखा (इंग्रजी अक्षरं लहान लिपीत करणारं फंक्शन) अक्षरबदल असेल, तर ‘इम्यूटेबल’ खुशाल लावा.