निसर्गशिबिरातून मूल जसेच्या तसे परत आणण्याविषयी

निसर्गशिबिराची निवड करताना सर्वांत आधी शिबिराचा टी-शर्ट पाहावा. तो डोळ्यांत खुपेल इतका पोपटी किंवा भगवा असेल आणि त्यावर वाघाचे चित्र असेल, तर पुढील चौकशीची गरज नाही. रायगड जिल्ह्यातल्या फणसाडच्या रानात बिबट्या आहे, वाघ नाही. पण पालक म्हणून आपल्याला ठाऊकच आहे की छातीवर वाघच शोभतो. भडक रंगाचा आणखी एक लाभ असा की पक्ष्यांना रंग फार चांगले दिसतात. त्यामुळे शिबिरार्थी येत आहेत हे त्यांना लांबूनच कळते आणि मुले पोचण्यापूर्वी त्यांना शांतपणे दुसरीकडे जाता येते.

गट चाळिसापेक्षा लहान नसावा. याला इतिहासाचा आधार आहे. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे फणसाडचे जंगल पूर्वी मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले. शिकारीच्या दिवसांत हाकारे घालणारी माणसे डबे बडवत आणि आरोळ्या ठोकत जनावरे उठवीत आणि बंदुकीच्या दिशेने हाकलीत. बंदुका गेल्या, तरी हाकाऱ्याची कला लोप पावू नये म्हणून ठिकठिकाणची शिबिरे आज जे कार्य करीत आहेत, त्याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी. शिट्टी, हातातला भोंगा आणि 'झाडे लावा'ची घोषणा एवढ्या सामग्रीवर चाळीस मुले एका सकाळी अख्खे रान मोकळे करू शकतात. जनावरांच्या बाजूने पाहिले तर ही प्रगतीच आहे, कारण पूर्वी त्यांना बंदुकीकडे पळावे लागे आणि आता कोठेही पळता येते.

फणसाडमध्ये पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. कडक उन्हाळ्यात जनावर पाण्यावर येतेच. अट इतकीच की माणसाने आधी जाऊन गप्प बसलेले असावे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री मचाणावर माणसे बसवून वनखाते प्राणी मोजते ते याच तत्त्वावर. मुलांसाठी मात्र ही पद्धत अगदीच गैरसोयीची आहे. तीत काहीच घडत नाही असे वाटणारे दोन-तीन तास असतात, आणि त्या तासांचे शुल्क पालकांकडून कोणत्या नावाखाली घ्यावे हे अजून कोणाला सुचलेले नाही. त्यापेक्षा मुलांना झाडाखाली बसवून 'आपला राज्यप्राणी ओळखा' असा छापील कागद सोडवायला द्यावा. कागद सोडवताना मान खाली असते, आणि शेकरू बिचारे सहसा जमिनीवर उतरत नाही, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्या झाडावर उड्या मारीत वरच्या वर निघून जाते. त्यामुळे कोणाचाच कोणाला उपद्रव होत नाही.

वेळापत्रक हा शिबिराचा आत्मा होय. ते गुळगुळीत कागदावर छापलेले असावे आणि रोज सारखेच असावे. आमच्या गावाजवळच्या एका शिबिरात गेल्या वर्षी माझ्या भाच्याला घातले होते. तेथे सोमवार ते शनिवार रोज सकाळी सात ते आठ 'खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी' असा तास होता. आता भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते आणि त्यांचा हिशेबही सोपा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सोमवारी द्वितीया होती, म्हणजे दीडला भरती आणि सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. खडक उघडे होते, मुलांनी खडकाला चिकटलेली कालवे पाहिली, एकाने शंख उचलला तर आतून पाय निघाले. शनिवारी सप्तमी होती, म्हणजे भरती सव्वापाचची. सात वाजता पाणी नुकते कोठे परतू लागलेले आणि सोमवारचे खडक अजून बुडालेलेच. मुलांना बंधाऱ्यावर ओळीने बसवून त्याच जीवसृष्टीची प्लास्टिकमध्ये मढवलेली चित्रे दाखवण्यात आली, आणि 'आज समुद्राने सहकार्य केले नाही' असे संचालकांनी पालकांच्या गटावर खेदपूर्वक कळवले. आपण अशा वेळी समुद्राचा निषेध नोंदवावा. 'शिबिराची वेळ तिथी पाहून ठरवता आली नसती का' असे विचारू नये. आपण सुशिक्षित आहोत.

प्रवेश घेण्यापूर्वी कासवाची हमी मागायला विसरू नये. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, तेव्हापासून कोकणात कोठेही गेले तरी कासव दिसावे असे आपल्याला वाटू लागले आहे. मादी हिवाळ्यात वाळूत अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात, आणि मेच्या अखेरीस बहुधा सगळा कारभार आटोपलेला असतो. तरीही मेच्या अखेरीस 'पैसे भरले आहेत, एक तरी दाखवा' असे ठामपणे म्हणावे.

मार्गदर्शक शहरातून आलेला असावा, त्याच्या टोपीला मागे पडदा असावा आणि त्याच्या फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज असावेत. माझ्या भाच्याच्या शिबिरात गाडी चालवणारे एक काका होते. ओढ्याच्या कोणत्या दरडीत तिबोटी खंड्या मातीत बीळ करून घरटे करतो, हे त्यांना माहीत होते. तो मृगाच्या सुमारास पाऊस घेऊनच येतो, आता मेमध्ये त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, हेही त्यांनी सांगितले असते. परंतु त्यांच्याकडे पाण्याचे जार उतरवण्याचे काम सोपवलेले असल्याने त्यांना कोणी विचारले नाही. मार्गदर्शकांनी फोनवर खंड्याचा आवाज लावला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आवाज खरोखरच स्पष्ट होता.

खाण्याच्या बाबतीत 'रानातले काहीही तोंडात घालू नये' हा नियम सरसकट पाळावा. अनोळखी फळाला तो लागू आहे म्हणून करवंदालाही लावावा, म्हणजे विचार करावा लागत नाही. मुलांना पाकिटातले वेफर्स आणि मँगो फ्लेवरचे पेय द्यावे, आणि ते त्यांनी शक्यतो आंब्याच्या सावलीत बसून प्यावे. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि पांढरे निघाले तर कोंबडी, असा एक खेळ आपण लहानपणी खेळत होतो, हे मुलांना सांगू नये. त्यात जिंकणाऱ्याला प्रमाणपत्र नसते आणि हरणाऱ्याचेही तोंड गोड होते. करवंदे हवीच असतील तर परतताना हमरस्त्यावर कातकरी बायका पानांच्या द्रोणात विकतात त्यांच्याकडून, पाच रुपयांसाठी घासाघीस करून, गाडीची काच अर्धी खाली करून घ्यावीत.

एवढे करूनही काही मुले हाताबाहेर जातात. माझा भाचा त्यांपैकी एक. बुधवारी 'निसर्ग प्रश्नमंजूषा' सुरू होती आणि हा खाडीच्या चिखलाशी उकिडवा बसला होता. त्याला आणायला म्हणून मी गेलो. चिखलात बोटभर रुंदीची भोके होती आणि भोकांभोवती मातीच्या बारीक गोळ्यांची रांगोळी. माझ्या पावलांच्या हादऱ्याने सगळे खेकडे आत गडप झाले. "मामा, हलू नको ना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोठ्या हाताचा आता वर येणार आहे." मी उभाच राहिलो. पाच मिनिटे झाली असतील; पलीकडे चिखलातली एक निवटी मासळी फटकन उडाली, मग एका भोकातून काड्यांसारखे दोन डोळे वर आले आणि मागोमाग तो. एक डेंगा त्याच्या अंगापेक्षा मोठा, दुसरा नखाएवढा. मोठा डेंगा वर नेऊन खाली आणायचा, जणू कोणाला बोलावतो आहे, आणि तेवढ्यात लहान डेंग्याने चिखल उचलून भराभर तोंडाशी न्यायचा. भोंग्यावरून भाच्याचे नाव दोनदा पुकारले गेले. खेकडा पुन्हा आत.

शनिवारी प्रगतिपत्रक आले. 'एकाग्रतेचा अभाव. गटाबरोबर चालत नाही. उपक्रमांत रस वाढवण्याची गरज.' ताईने ते वाचून पुढच्या वर्षी दोन आठवड्यांच्या शिबिराची चौकशी सुरू केली आहे, आणि आपल्या पाल्याविषयी असा शेरा आल्यास आपणही तेच करावे. दरम्यान घरातल्या वागण्यावर लक्ष ठेवावे. आमच्याकडे हा अजूनही जेवताना पाटावर उकिडवा बसतो, डावा हात डोक्यावर नेऊन सावकाश खाली आणतो, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी भाताची शिते एकेक करून भराभर तोंडात टाकतो. आजी त्याला नीट जेव म्हणून रोज रागावते. आपणही रागवावे.