तत्त्वतः मान्य

शांततेचे पैसे मिळत नाहीत, असं मला काल ई-मेलने कळवण्यात आलं. ‘संभाषणविरहित कालावधी देयकातून वगळला आहे.’ खाली आकडा. भांडायला लाज वाटावी इतका लहान, पण न भांडता झोप लागावी इतकाही लहान नाही.

काम असं, की लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि घरबसल्या टाइप करायच्या. नोकरी का सोडली हे माझ्या सासूबाई जास्त रंगवून सांगतात, म्हणून ते त्यांच्याकडे सोपवते. चाचणी दिली, गोपनीयतेच्या करारावर सही केली, फाइल आली. त्याआधी ‘नोंदणी शुल्क भरा, लगेच काम सुरू’ म्हणणारेही भेटले होते; काम देणाराच पैसे मागायला लागला की फोन ठेवायचा, एवढं मला कळतं.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं मिनिटाला ४० शब्दांचं टायपिंगचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. पण माणूस साधं बोलला तरी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द सहज बोलतो. शिवाय परीक्षेतला उतारा डोळ्यांसमोर असतो आणि त्याच्या मागून ट्रॅक्टर जात नाही. एका तासाच्या फाइलला चार तास लागतात असं या धंद्यात सांगतात. ते स्वच्छ आवाजाचं गणित झालं. गोठ्याशेजारी, कोंबड्याच्या साक्षीने झालेली मुलाखत त्यात बसत नाही. आणि पैसे ऑडिओच्या मिनिटाचे. माझी मिनिटं कुणी मोजत नाही.

माझी मिनिटं बिल्डिंगमध्येही कुणी मोजत नाही. ‘तू घरीच असतेस ना’ या एका वाक्यावर चारही मजल्यांची पार्सलं माझ्याकडे येतात. परवा एकीचा मिक्सर आला, ओटीपीसाठी मीच तिला ऑफिसात फोन लावला, तर म्हणाली, ‘मीटिंगमध्ये आहे गं, काम चालू आहे.’ म्हणजे तिचं काम.

अशाच एका पार्सलाच्या निमित्ताने तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. काका मंत्रालयातून लघुलेखक म्हणून निवृत्त झाले. मिनिटाला १२० शब्दांचं लघुलेखन, उच्चश्रेणी. उच्चश्रेणी हा शब्द ते ‘बसा’ आणि ‘चहा नको’ यांच्या मध्ये कुठेतरी उच्चारतातच. आत आले आणि ‘बघू काय करतेस’ म्हणत हेडफोनची पिन उपटली. खोलीभर कांद्याची मुलाखत घुमू लागली. गोपनीयतेच्या करारावर सही मी केली होती, काकांनी केली नव्हती.

कुणाची मुलाखत, कुठल्या गावची, ते सांगणार नाही. एक कांदा उत्पादक होते, समोर संशोधन करणाऱ्या संस्थेची एक तरुण मुलगी होती आणि विषय होता उन्हाळ कांदा. एप्रिलमध्ये काढून कांदाचाळीत भरला, भाव येईल म्हणून ठेवला. २०२३चं साल. ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. बाकी बातम्यांत होतं.

काकांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

“हे काय? ‘अं... म्हंजी... आपलं ते... काये ना...’ असं लिहितात?”

“त्यांना शब्दशः हवंय काका. अडखळणंसुद्धा.”

“शब्दशः! अगं, आमचे साहेब म्हणायचे, ‘ते आपलं हे त्यांना देऊन टाका एकदाचं.’ मी लिहायचो, ‘उपरोक्त प्रस्ताव पुढील कार्यवाहीस्तव सादर.’ एकदाही तक्रार आली नाही. लोक बोलतात ते त्यांना म्हणायचं असतं का कधी?”

तेवढ्यात शेतकरी म्हणाले, “सडला न बाई. निम्मा सडला. काय करता.”

“लिही,” काका म्हणाले. “सदर शेतमालाची प्रत खालावल्याचे निदर्शनास आले.”

“काका, ते ‘सडला’ म्हणाले.”

“तेच म्हणतोय मी.”

“‘काय करता’ राहिलं.”

“‘काय करता’ला काही लिहायचं नसतं. ते हवालदिल लोक म्हणतातच. फार तर ‘उपाययोजना विचाराधीन’.”

मी ‘काय करता’ लिहिलं. काका दुखावले. मग त्या मुलीने विचारलं, “नुकसान किती झालं असेल, अंदाजे?” आणि शेतकरी बोलायचे थांबले.

कोंबडा ओरडला. लांब कुठे तरी पंप सुरू झाला. कुणीतरी कपबशा आणून ठेवल्या. उत्तर काही येईना.

“बंद पडलं का तुझं?”

“नाही. ते गप्प आहेत.”

“बोला हो!” काका लॅपटॉपला म्हणाले. लॅपटॉप गप्प. काका खुर्चीच्या टोकावर आले. “आता काय लिहिणार?”

“चौकटी कंसात ‘विराम’. सुरू कधी झाला, संपला कधी, ती वेळ.”

“कारण नाही लिहायचं?”

“नाही.”

“साहेब गप्प बसले की आम्ही ‘तत्त्वतः मान्य’ लिहायचो,” काका म्हणाले. “त्यावर दोन पूल झालेत.”

पूल कुठले ते मी विचारलं नाही. आपण त्यावरून जात असू तर उगाच.

शांततेचा प्रश्न मशीनलाही सुटलेला नाही. हल्ली फाइलसोबत मशीनने काढलेला कच्चा मजकूर येतो, ‘तुम्ही फक्त तपासा’ अशा प्रेमळ सूचनेसह आणि दर त्यामुळेच कमी. मशीन बरंचसं ठीक ऐकतं, पण बोलणं थांबलं की त्याला राहवत नाही. ही या मशीनांची जगजाहीर खोड आहे, आवाज नसला की स्वतःच्या मनाने वाक्य घालतात. माझ्या फाइलमध्ये, नुकसान किती या प्रश्नापुढे, शेतकऱ्यांच्या तोंडी लिहिलेलं होतं, ‘व्हिडिओ पाहिल्याबद्दल धन्यवाद.’

ते मी खोडलं. तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला, खरंच काही पुटपुटलेत का ते बघायला, आवाज वाढवून, डोळे मिटून. अख्ख्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी तिथे घालवला. मग नियमाप्रमाणे विराम आणि त्याची वेळ अचूक टाकली. काम देणाऱ्यांनी काय केलं असेल, तर मी टाकलेल्या वेळांचीच बेरीज केली आणि तेवढे पैसे कापले. वेळ टाकली नसती तर गुणवत्तेचे गुण कापणार होतेच. म्हणजे सुरी आपणच धार लावून द्यायची.

राग पैशाचा आहे, खोटं कशाला बोलू. पण पैशाचाच नाही. त्या माणसाने जे उत्तर दिलं ते हिशेबात ‘संभाषणविरहित’ ठरलं, आणि चहा घ्या, नको, घ्या हो, साखर चालते ना, याचे मात्र पूर्ण पैसे आले. साखरेचं संभाषण झालं. संशोधन कशावर चाललंय नक्की?

निषेधाचं पत्र काकांनी सांगितलं, मी टाइप केलं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून ‘सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ पर्यंत. मला सहानुभूती नको होती, रक्कम हवी होती. तसं म्हणाले तर काका म्हणे, रक्कम असं थेट लिहीत नाहीत. शेवटी मी खाली आकडा टाकलाच. आज सकाळी उत्तर आलं: ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ काका खूश. त्यांच्या मते ही फाइल वर गेली.

दुपारी पुन्हा आले, कुणाचंही पार्सल नसताना. “त्या कांदेवाल्यांचं पुढे काय झालं?” मी करार दाखवला. तो त्यांनी पूर्ण वाचला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या.

नवी फाइल आली आहे. बचत गटाची बैठक, सहा जणी एकदम बोलतात. विराम औषधालाही नाही. प्रत्येकीचं वाक्य वेगळ्या ओळीत हवं, कोण बोललं त्या खुणेसह. एका मिनिटात सहा जणी बोलल्या तर पैसे सहा मिनिटांचे का, हे मी लगेच विचारून घेतलं.

एकाच मिनिटाचे.