जुन्या तापमान-नोंदी आणि फेरफाराचा आरोप

जुने तापमापक ओबडधोबड होते, ते वाचणारे बहुतेक हौशी होते, शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांमध्ये नंतर सोयीस्कर फेरफार केले आणि म्हणून पृथ्वी तापते आहे हे केवळ कागदावर घडवलेले चित्र आहे, अशा आशयाचा मजकूर वरचेवर फिरत असतो. त्यातले सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत, म्हणून ते सुटे करून तपासलेले बरे.

उपकरणांबद्दलचा आक्षेप अर्धा खरा आहे. जुन्या तापमापकाची काच वर्षानुवर्षे सूक्ष्म आकुंचन पावत असे आणि त्यामुळे पारा खऱ्यापेक्षा थोडा वर दिसे. १८६४ मध्ये थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तापमापक सावलीत पण हवेशीर ठेवणारी झडपांची पेटी सुचवण्यापूर्वी तापमापक उत्तरेकडच्या भिंतीवर टांगलेले असत आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्यांच्यापर्यंत पोहोचे. पण हे दोष ज्ञात आहेत, आणि दोषाची दिशा ठाऊक असली की तो मोजता येतो, कारण जुनी व नवी मांडणी शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून पाहता येतात. शिवाय या नोंदी आंधळ्या नव्हत्या. हवामानशास्त्रज्ञ गॉर्डन मॅन्ली यांनी जुळवलेल्या, १६५९ पासूनच्या मध्य इंग्लंडच्या तापमान-मालिकेत १८१६ चा जुलै १३.४ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व जुलै महिन्यांत सर्वांत थंड, दिसतो. इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या, सूर्यप्रकाश अडवून हवा थंड करणाऱ्या उद्रेकानंतरचा तो उन्हाळा युरोपातील इतर केंद्रांच्या वह्यांतही थंडच नोंदलेला आहे.

मजकुराचा खरा भर आहे तो फेरफाराच्या आरोपावर. ज्याला फेरफार म्हटले जाते ती दुरुस्ती का लागते, ते पाहू. कमाल-किमान तापमापक मधल्या काळातील सर्वांत जास्त व सर्वांत कमी तापमानाची खूण धरून ठेवतो; तो दिवसातून एकदा वाचून पूर्ववत करायचा असतो. निरीक्षकाने तो कडक उन्हाच्या दिवशी सायंकाळी पाच वाजता पूर्ववत केला आणि दुसरा दिवस थंड निघाला, तर दुसऱ्या दिवसाचे कमाल तापमान म्हणून आदल्या सायंकाळचाच आकडा लागतो, म्हणजे एकच उष्ण दिवस दोनदा मोजला जातो. अमेरिकेत विसाव्या शतकात अनेक केंद्रांनी वाचनाची वेळ सायंकाळवरून सकाळवर नेली, तेव्हा हवा न बदलताही नोंदी थंड झाल्या. वेळेच्या या बदलाची दुरुस्ती केल्यावर तिथली तापमानवाढ अधिक दिसते, हे लपवण्याचे कारण नाही. पण दुरुस्ती टाळणे म्हणजे घड्याळाच्या बदलाला हवामानबदल समजणे होय.

समुद्रावर नेमके उलटे घडते. जहाजावरून कापडी बादलीत काढलेले पाणी तापमापक बुडेपर्यंत बाष्पीभवनाने किंचित निवत असे. पुढे इंजिनकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान घेण्याची पद्धत आली आणि तिथे आकडे थोडे चढे येऊ लागले. म्हणून जुनी सागरी तापमाने वर उचलावी लागतात. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला असल्याने, सर्व दुरुस्त्या एकत्र धरल्या तर जागतिक सरासरीतील दीर्घकालीन वाढ मूळ आकड्यांपेक्षा कमीच भरते. वाढ फुगवण्याचा कट असता तर तो फारच अडाणीपणे रचलेला म्हणावा लागेल.

शहरांच्या उष्णतेचा मुद्दा थोडक्यात आटोपतो: एखाद्या केंद्राभोवती इमारती वाढल्या की तिथले आकडे चढतात, हे खरे, पण भर समुद्रात शहरे नाहीत आणि तापमानवाढ तिथेही नोंदली गेली आहे. स्वतः साशंक असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांच्या बर्कले अर्थ गटाने जमिनीवरील नोंदी स्वतंत्र पद्धतीने पुन्हा तपासल्या, तेव्हाही निष्कर्ष तोच आला.

राहता राहिला ‘फार जुन्या काळाचे जागतिक तापमान सांगताच येत नाही’ हा दावा. इथे मजकुराला थोडे श्रेय द्यावे लागते. प्रमुख जागतिक मालिका १८५० किंवा १८८० पासून सुरू होतात, कारण त्याआधीची केंद्रे मुख्यतः युरोपात होती आणि दक्षिण गोलार्ध जवळजवळ कोरा होता. त्यामुळे मध्य इंग्लंडचा १६५९ चा आकडा तिथली हवा सांगतो, जगाची नव्हे. आणि त्या मालिकेची सुरुवातीची दशके पुढच्या काळाइतक्या बारकाईने वाचणेही योग्य ठरणार नाही.